आधी उलटावे, मग होडी घ्यावी

घरात एखादी वस्तू घ्यायची म्हटली, की मध्यमवर्गीय माणसाला सल्लागारांची कधी वाण पडत नाही. फ्रिज घ्या, शिलाईचे यंत्र घ्या, नाही तर नुसता प्रेशर कुकर घ्या. शेजारचे पेन्शनर काका, कचेरीतले सहकारी, सासुरवाडीची मंडळी, सगळे आपापला अनुभव घेऊन दारात हजर! पण खळाळत्या नदीत एकट्या माणसाने चालवायची चिमुकली होडी, जिला कयाक म्हणतात ती, घ्यायला मी निघालो, तेव्हा आमच्या कुळात, इमारतीत आणि कचेरीत मिळून सल्ला देणारा एकही माणूस निघाला नाही. त्यामुळे जी चूक झाली ती संपूर्णपणे माझी स्वतःची होती. त्या चुकीची ही हकिकत. वाचकांपैकी कोणाच्या मुलामुलीने उद्या असाच हट्ट धरला, तर निदान एका घरी तरी एका सल्लागाराची सोय व्हावी, एवढाच हेतू.

सुरुवात एका रविवारी झाली. सौभाग्यवती, सतरा वर्षांची कन्या आणि मी असे तिघे कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायला गेलो होतो. रबरी तराफ्यात सात-आठ जण बसतात, मागे बसलेला वाटाड्या ओरडतो, आपण वल्ही मारल्यासारखे करतो आणि तराफा आपल्या पराक्रमाची पर्वा न करता खाली जातो. मला तेवढे साहस पुरेसे होते. कन्येचे लक्ष मात्र तराफ्यात नव्हतेच. तराफ्यांच्या मागेपुढे एक तरुण लहानशा होडीत बसून चालला होता. कोणी पाण्यात पडलेच तर उचलून घ्यायला. कमरेखाली होडी, कमरेवर माणूस. एका लाटेवर तो असा काही थांबला, की नदी त्याच्याखालून वाहते आहे आणि तो जागच्या जागी! मग तो उलटला, आणि आम्ही “अरे, अरे!” म्हणेपर्यंत दुसऱ्या बाजूने हसत वर आला.

“बाबा, मला हे शिकायचंय,” कन्या म्हणाली.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी निकाल दिला : “ती एकटी जायची नाही. तुम्हीही बसा होडीत. मग माझी ना नाही.”

त्यांचा हिशोब असा, की सत्तेचाळीस वर्षांचा, चौऱ्याऐंशी किलो वजनाचा, जिना चढताना कठड्याला धरणारा माणूस काही होडीत बसायचा नाही. पण लहानपणी आजोळच्या विहिरीत सूर मारलेल्या माणसाला डिवचू नये, हे त्या विसरल्या. मी तिथल्या तिथे होकार दिला.

एक पाते की दोन?

राफ्टिंगच्या दिवशी पाहिलेल्या त्या तरुणालाच आम्ही गुरू केले. तो जवळच्याच गावचा. नदीकाठी वाढलेला आणि काही मोसम ऋषिकेशला गंगेवर काम करून आलेला. वयाने माझ्या निम्मा, पण पाण्यात माझा बाप. आमच्या घरी त्याला ‘उस्ताद’ हेच नाव पडले. त्याने पहिल्याच दिवशी विचारले, “काका, एका पात्याचं वल्हं की दोन पात्यांचं?”

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. एक पाते असलेले वल्हे घेऊन, गुडघ्यांवर बसून चालवतात ती कॅनू. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीपासून अशा होड्या केल्या आणि सरोवरानद्यांतून माल वाहिला. पाय पुढे पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारायचे ती कयाक. ती ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाच्या किनाऱ्यांवरच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे, आणि मध्ये माणसाच्या कमरेपुरते भोक. सीलची शिकार करताना होडी उलटली, तर बर्फासारख्या पाण्यात पोहणे म्हणजे मरणच. म्हणून होडीतून बाहेर न पडता, वल्ह्याच्या आणि कमरेच्या हिसक्याने पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी शोधली. तिलाच आज ‘रोल’ म्हणतात. युरोपातल्या माणसाला ती साधायला 1927 साल उजाडले. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाने ती स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केली. त्याआधी, 1905 मध्ये, आल्फ्रेड ह्यूरिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने घडी घालून नेता येईल अशी कापडी कयाक केली, आणि दोन वर्षांनी क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेऊन ती बाजारात आणली. पिशवीत होडी घालून लोक आगगाडीने आल्प्सच्या नद्यांवर जाऊ लागले. पुढे फायबरग्लास आले, आणि 1970 नंतरच्या दशकात साच्यात ओतलेले प्लॅस्टिक. खडकावर आपटली तरी फुटत नाही अशी होडी झाली, तेव्हा कुठे हा खेळ माझ्यासारख्या चुका करणाऱ्यांच्या आवाक्यात आला.

एक पाते की दोन, याचे उत्तर उस्तादानेच दिले. गुडघ्यांवर बसल्याने नजर उंचावरून पडते, पुढचा खळाळ नीट दिसतो, आणि एकाच पात्यावर होडी सांभाळता येणे हे फार कौतुकाचे. पण गुडघे आणि घोटे तासाभरात रडू लागतात, आणि नवख्याला तोल राखणे जड जाते. दोन पात्यांनी डावी-उजवी अशी दोन्ही बाजूंनी टेकू मिळतो. “आमच्याकडं शिकवणारेही कयाकवालेच जास्त,” तो म्हणाला. “ज्याचा मास्तर मिळतो, तोच विषय घ्यावा.” हा सल्ला मी कॉलेजात असताना कोणी दिला असता, तर बरे झाले असते!

लाल होडी

चार रविवार आम्ही उस्तादाच्या जुन्या होड्यांत बसून संथ डोहात शिकलो. सरळ कसे जायचे (हे सर्वांत कठीण, कयाक सुटी सोडलेल्या वासरासारखी कुठेही वळते), उलटल्यावर बाहेर कसे पडायचे, वाहून जाताना पाय पुढे आणि वर ठेवून पाठीवर कसे तरंगायचे. माझ्या वाट्याला आलेली होडी हिरवी, फुगीर, नऊ फूट लांब आणि ओरखड्यांनी भरलेली होती. उस्ताद तिला ‘म्हैस’ म्हणे. कन्येने मोबाइलवर त्या म्हशीतला माझा फोटो काढला, आणि तो पाहून माझा स्वाभिमान दुखावला.

अशा मनःस्थितीत मला ती लाल होडी दिसली. परदेशी निघालेल्या एका गृहस्थाला ती विकून टाकायची होती. जेमतेम सहा फूट लांब, चपट्या तळाची, सुरीसारख्या धारदार कडांची. नवी परदेशी होडी मागवण्याचा खर्च चौकशीत कळला तेव्हा सौभाग्यवतींनी चष्मा काढून पुसला होता. ही तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होती. “चँपियन लोक अशीच वापरतात,” गृहस्थ म्हणाले. मी चँपियन आहे की नाही, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. उस्तादाला न विचारता मी पैसे मोजले.

आता त्या रविवारचे सांगतो.

कुंडलिकेचे पाणी मोठे विलक्षण आहे. ते मुळात कुंडलिकेचे नव्हेच. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली, सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात पुढे होते. जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे, ते वीज करून कुंडलिकेत उतरते आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. वीजघरातून पाणी सुटले, की सकाळी नदी भरते. म्हणून कोलाडची राफ्टिंगची गर्दी सकाळची. नद्यांच्या खळाळांना जगभर एक ते सहा असे क्रमांक देतात. पहिला म्हणजे नुसते धावते पाणी, सहावा म्हणजे जवळजवळ जिवावरची पैज. कुंडलिकेचे खळाळ बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे. पण दुसऱ्या पायरीवरूनही माणूस पडू शकतो.

एका मोठ्या खडकाआड आम्ही थांबलो होतो. धावत्या नदीत खडकाच्या पाठीशी पाणी उलट्या दिशेने, सावकाश फिरत असते; त्याला ‘एडी’ म्हणतात. कयाकवाल्याचे ते विसाव्याचे ठिकाण. तिथून प्रवाहात शिरताना दोन विरुद्ध दिशांच्या पाण्यांमधली शीव ओलांडावी लागते, आणि तिथेच सगळी परीक्षा असते. ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूची कड उचलायची, होडी खालच्या बाजूला कलती ठेवायची. सायकल वळवताना आपण आत झुकतो, तसेच. नवखा माणूस मात्र अंगावर येणाऱ्या पाण्याला भिऊन नेमका त्याच्याकडेच झुकतो. म्हशीत असताना मीही तसाच झुकत असे. पण तिचा गोलसर तळ आणि मोठे पोट ते सोसून घेई.

लाल होडीने सोसले नाही. तिची धारदार कड पाण्यात रुतली, चपटे शेपूट खाली ओढले गेले, आणि मी श्वास घेण्याच्या आत नदी माझ्या डोक्यावर होती.

पाण्याखाली विलक्षण शांत असते. हिरवा अंधार, कानांत घुमणारा आवाज. कयाकच्या तोंडावर पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला रबरी आवरण बांधतात. आमच्या घरी त्याला ‘घागरा’ म्हणतात. त्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते. ती ओढली की घागरा सुटतो आणि माणूस मोकळा होतो. मी हात पुढे नेला. पट्टी नव्हती. घाईघाईत बसताना मी ती आत दाबली होती. चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाच्या मांड्या त्या सहा फुटी होडीत पाचरीसारख्या बसल्या होत्या. मी दोन्ही हातांनी कड चाचपली, कुठेतरी बोटे घागऱ्याखाली शिरली, गुडघ्याने जोर केला आणि कसाबसा निसटलो. वर आलो तेव्हा नडगी सोलली होती, तोंडात नदी होती, आणि उस्ताद शेजारी येऊन ओरडत होता, “काका, मागचं हँडल धरा! पाय वर!”

किती वेळ खाली होतो? उस्ताद म्हणतो, वीसएक सेकंद. पण हा वेळ मी मोजायचा नव्हता. खडकाआड म्हशीत बसलेली माझी मुलगी तेवढा वेळ एक लाल, पालथा तळ पाहत होती.

ती काठावर उतरली, वल्हे गवतावर ठेवले आणि पनवेल येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी मात्र गाडीत मोठमोठ्याने बोलत होतो. काही झाले नाही, मजा आली, पुढच्या रविवारी बघ कसा जातो! रात्री ती म्हणाली, “बाबा, मला नकोय ते. होडी विकून टाका.”

चुका झाकणारी आणि चुका दाखवणारी

दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच कोलाडला गेलो, वकिलाकडे जावे तसा. उस्ताद चहा पीत बसला होता. त्याने लाल होडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “होडी चांगली आहे, काका. तुमची नाही एवढंच.”

मग त्याने जे समजावले, ते होडी घ्यायच्या आधी विचारले असते तर ही हकिकत लिहावी लागली नसती. खळाळाच्या होड्यांचे ढोबळ चार प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकार म्हणजे नदीकडून काय हवे त्याचे एक उत्तर.

पहिली, अरुंद आणि उभ्या ओढ्यांची. उंचावरून खाली पडायचे, पाण्यात बुडायचे आणि लगेच वर यायचे, म्हणून ती लांब-फुगीर. साडेआठ-नऊ फूट, पोटात तीनशे लिटरच्या आसपास हवा मावेल अशी. दोन्ही टोके पाळण्याच्या तळाप्रमाणे वर वळलेली. आमची म्हैस या जातीची. केरळात कोझिकोडजवळच्या पावसाळी नद्यांवर अशा होड्यांची खरी कसोटी लागते.

दुसरी, नदीने खाली जायची. पहिलीपेक्षा जरा सडपातळ, जरा चपळ. अडीचशे लिटरच्या आगेमागे. कडा असतात, पण बोथट. एडीत शिरणे, बाहेर पडणे, लहान लाटेवर खेळणे, सगळे थोडे थोडे जमते.

तिसरी, खेळाची. सहा फुटांच्या आसपास, दोनशे लिटरच्या आतबाहेर. हिला नदी उतरायची घाईच नाही. एका लाटेवर तासभर नाचायचे, कोलांट्या घ्यायच्या. तिची टोके मुद्दाम पाण्याखाली जावीत अशी पातळ. म्हणजे ज्या गुणासाठी ती घ्यायची, तोच गुण मला नडला होता.

चौथी, शर्यतीची. टांगलेल्या काठ्यांच्या फाटकांतून घड्याळाशी स्पर्धा करायची. किमान साडेतीन मीटर लांब, हलकी आणि नाजूक. हा खेळ 1972 मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये प्रथम आला आणि 1992 पासून तिथे टिकून आहे. आपल्याकडे महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर या शर्यती झाल्या आहेत.

“मग नवशिक्याने कुठली घ्यावी?” मी विचारले.

“आधी घेऊच नये. वर्षभर दुसऱ्याच्या होड्यांत बसावं. आणि घ्यायचीच तर दुसऱ्या जातीची, आपल्या वजनाला बसेल त्यातली मोठी.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “काही मास्तर याच्या उलट सांगतात, बरं का. म्हणतात, मोठी होडी चुका झाकते. लहानीत बसवा, म्हणजे पोरं लवकर शिकतात. त्यातही खोटं नाही. पण चूक दाखवून घ्यायला आधी रोल यावा लागतो. ज्याला परत वर येता येतं, त्यालाच उलटण्याचा फायदा. बाकीचे नुसते भितात.”

वजनाचा मुद्दा त्याने पुन्हा पुन्हा सांगितला. प्रत्येक होडी ठरावीक वजनाच्या माणसासाठी केलेली असते. जड माणूस लहान होडीत बसला, तर शेपूट बुडते आणि पाणी तिला खेळवते. हलका माणूस मोठ्या होडीत बसला, तर ती त्याचे ऐकतच नाही, पिंपात बसल्यासारखे होते. होडी बुटासारखी अंगाला बसली पाहिजे. कंबर दोन्हीकडून फोमच्या गाद्यांत, मांड्या वरच्या टेकूला, पाय पुढच्या आधाराला. हलवली तर माणसासकट हलावी, पण पट्टी ओढताच माणूस लोण्यातून केस काढावा तसा निघावा. हे दोन्ही जमिनीवर दहा वेळा करून पाहायचे, मग पाण्यात. मी लाल होडीत बसून फक्त फोटो काढून घेतला होता.

वल्ह्याचेही तसेच. खळाळातले वल्हे साधारण 190 ते 200 सेंटिमीटर; समुद्रातले त्याहून लांब. दोन पाती एकमेकांशी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोनात वळलेली असतात. नवख्याने एकच कोन धरावा आणि बदलू नये, कारण पाण्याखाली पाते कुठे तोंड करून आहे, हे हाताला न पाहता कळावे लागते. आणि कोपरे कायम खाली, अंगाशी. हात डोक्यावर नेऊन पाण्याशी झोंबी घेतली, तर खांदा निखळतो.

निघताना उस्ताद म्हणाला, “काका, ताईला तुम्ही काय सांगितलं?”

“हेच, की काही झालं नाही.”

“तिनं तर पाहिलं ना, झालं ते.”

एवढेच बोलून तो तराफे धुवायला गेला.

तरणतलाव

त्या रात्री मी मुलीला खरे सांगितले. पट्टी सापडली नाही तेव्हा मी भयंकर घाबरलो होतो. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता. गाडीत जे बोललो ते थापा होत्या. होडी मी कुणाला न विचारता, चारचौघांत चांगला दिसेन म्हणून घेतली. बापाने मुलीपुढे असे बोलायचा आमच्याकडे प्रघात नाही. मला ते पाण्याखालच्या वीस सेकंदांपेक्षा लांब वाटले.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही घाबरला होतात?”

“हो.”

“मला वाटलं, मीच घाबरट आहे.”

पुढचे तीन महिने आम्ही नदीवर गेलो नाही. एका तरणतलावाच्या व्यवस्थापकांनी रविवारी दुपारचा एक तास दिला. होडी स्वच्छ धुऊन आणायची, एवढीच अट. उस्ताद येऊन शिकवून गेला. रोलची गंमत अशी, की त्यात ताकद लागत नाही. वल्हे पृष्ठभागावरून फिरवायचे, कमरेने होडी सुलटी करायची, आणि डोके सर्वांत शेवटी बाहेर काढायचे. बुडणाऱ्या माणसाला डोके सर्वांत आधी बाहेर काढावेसे वाटते, आणि तसे केले की तो पुन्हा बुडतो. कन्येला सहाव्या दिवशी रोल जमला. मला अजून दहांतून सहा वेळा जमतो, तोही डावीकडून.

तिथेच एक शोध लागला. लाल होडीत ती सहज म्हणून बसली, आणि बावन्न किलोच्या त्या मुलीला ती शिंप्याने बेतल्यासारखी बसली! माझ्या अंगाला पाचर झालेली होडी तिच्या कमरेबरोबर वळत होती. तरी उस्तादाने हट्ट धरला, की नदीवर पहिला मोसम ती दुसऱ्या जातीच्या मध्यम होडीतच बसेल. तशी एक त्याच्याकडे भाड्याने मिळाली. माझ्यासाठी अर्थात म्हैस!

तरणतलावात आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. उलटल्यावर रोल साधला नाही, तर बाहेर पडायची घाई करायची नाही. दोन्ही हात पाण्यावर काढून होडीचा तळ तीनदा थोपटायचा. सोबती आपल्या होडीचे टोक आणून तुमच्या हाताशी देतो. ते धरायचे आणि कमरेने वर यायचे. यासाठी सोबती हवा, तो जवळ हवा, आणि आपण बोलावल्यावर तो येईल हा भरवसा हवा. एकट्याने खळाळात उतरू नये, हा नियम एवढ्याचसाठी.

पुन्हा तोच खडक

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही पुन्हा कुंडलिकेवर गेलो. काठावर उस्तादाने दोघांच्याही घागऱ्याची पट्टी ओढून पाहिली. मग कन्येने माझी पुन्हा पाहिली. धुके होते. त्या खडकाआड आलो तेव्हा कोणीच काही बोलले नाही. ती आधी निघाली. वरची कड उचलली, खाली झुकली, आणि प्रवाहाने तिला फुलाच्या परडीसारखे अलगद वळवून खाली नेले.

मी म्हशीला बरोबर कलती धरली, शीव ओलांडली, खळाळाच्या तीन लाटा उतरलो, आणि आता साधले म्हणून मान वळवून उस्तादाकडे पाहिले. तेवढ्यात चौथ्या लाटेने मला उलटे केले. रोल केला, डोके आधी वर आले, पुन्हा खाली. खळाळ संपून डोह लागला होता. पट्टी या वेळी हाताला लागत होती, पण मी ती ओढली नाही. हात वर काढले आणि म्हशीच्या पोटावर तीन थापा मारल्या.

एक. दोन. तीन. आणि मग वाट पाहिली. त्या अंधारात वाट पाहण्याइतकी कठीण गोष्ट मी आयुष्यात फारशी केलेली नाही.

टक् असा आवाज झाला. हाताला होडीचे टोक लागले. मी धरले, कमर फिरवली आणि वर आलो. नाकातोंडातून पाणी वाहत होते. समोर कन्या होती; ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी वल्हे धरलेले.

“घाबरलात?” तिने विचारले.

“थोडा.”

“मी पण,” ती म्हणाली, आणि हसली.

त्याला आता दोन मोसम झाले. लाल होडी गेल्या वर्षी तिने उस्तादाच्या परवानगीने नदीवर आणली, आणि एका लाटेवर ती अशी काही थांबते, की तराफ्यातल्या मुली माना वळवून पाहतात. मी मात्र म्हैस उस्तादाकडून विकत घेतली. नवी घ्या, असे पुष्कळांनी सांगितले. आता आमच्याकडे सल्लागारांची वाण राहिलेली नाही. पण मला लाटेवर नाचायचे नाही. मला फक्त सकाळच्या धुक्यात, मुळशीहून आलेल्या त्या पाण्याबरोबर, मुलीच्या मागून खाली उतरायचे असते. तेवढ्याला म्हैस पुरते.

वाचकहो, उद्या तुमच्या घरी हा प्रश्न आला, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणत्या नदीवर जायचे आहे, होडीत बसणाऱ्याचे वजन किती आहे, आणि उलटल्यावर त्याला काय येते. होडीचा रंग चौथ्या क्रमांकाला ठेवा. मी तो पहिल्याला ठेवला होता.